फासकी डुकरासाठी, अडकतो बिबट्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी आता कुणाला नवी वाटत नाही. बातमीचा साचाही ठरलेला असतो. सकाळी काजूच्या बागेतून गुरगुर ऐकू येते, पोलीस पाटील वनविभागाला कळवतात, पिंजरा येतो. तोवर अख्खी वाडी मोबाईल घेऊन जमलेली असते. बातमीच्या शेवटी एक ओळ येते, 'अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल'. हा अज्ञात कोण, याचा अंदाज वाडीत अनेकांना असतो. तरी कुणी बोलत नाही, कारण रानडुकरांनी नुकसान सगळ्यांचंच केलेलं असतं.

या गप्प बसण्यातच प्रश्नाचं मूळ आहे.

वायर निवड करत नाही

फासकी साधी असते. मोटारसायकलच्या क्लचची वायर किंवा तसलीच तार, तिचा सरकता फास, आणि जनावराची रोजची ये-जा असलेली गडग्यातली किंवा कुंपणातली फट. जनावर पुढे ओढ घेतं तसा फास आवळत जातो. डुक्कर ज्या फटीतून येतं, त्याच फटीतून भेकर, साळिंदर, कोल्हा आणि बिबट्याही जातो. राखणीचा कुत्राही त्यातच सापडतो.

बिबट्याच्या बहुतेकदा कमरेला किंवा पोटाला फास बसतो. सुटण्यासाठी तो रात्रभर धडपडतो आणि वायर मांसात रुतते. वरून जखम लहान दिसली, तरी आतल्या अवयवांना मार बसलेला असतो. म्हणूनच सुटका झालेला बिबट्या दोन-चार दिवसांनी मेल्याचं ऐकू येतं. अतिश्रम आणि भीती यांनी स्नायू निकामी होऊनही जनावर दगावतं. शिवाय जमलेल्या गर्दीत वायर तुटली तर काय होईल, याचा विचार मोबाईल धरून उभा असलेला माणूस करत नाही.

पाण्याजवळ धोका जास्त

मार्चनंतर पऱ्ये आटतात आणि उरलेल्या कोंडींवर सगळी जनावरं येतात. फासक्याही मग तिथल्याच वाटांवर लागतात. या पाण्यात ऊद, म्हणजे पाणमांजर असतं. तिलारी परिसरात त्याचा वावर आहे. ऊद माशांमागे जाळ्यात शिरतो आणि वर येऊन श्वास घेता आला नाही, की बुडून मरतो. त्याच्या दाट केसांच्या कातडीसाठी भारतातून तिबेट-चीनकडे तस्करी झालेली आहे. आपल्याकडच्या दोन्ही जातींच्या ऊदांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 मध्ये 'साइट्स' करारानुसार बंद झाला. मुंगसाची गोष्टही वेगळी नाही. चित्रकाराच्या ब्रशसाठी मुंगसं पकडली जातात. एक किलो केसांना साधारण 50 मुंगसं लागतात, असा अंदाज सांगितला जातो. बांधावरचे उंदीर आणि साप खाणारा प्राणी असा केसांसाठी जातो.

मुंगूस नेणारा बाहेरचा असतो आणि डुकराची फासकी गावातली. पण बांधावर परकी तार दिसली तर विचारायचं नाही, ही सवय लागली की दोघांचंही फावतं.

जिथे हा धंदा आहे, तिथेही नियम

कॅनडा, अमेरिका, रशिया या देशांत बीव्हर, मिंक, कोल्हा असे प्राणी कातडीसाठी सापळ्यात पकडण्याचा जुना व्यवसाय आहे. जमिनीवरचे सापळे वेगळे, पाण्याखालचे वेगळे. पण परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो. ठरावीक वेळेत जाऊन सापळा तपासलाच पाहिजे, असा नियम अनेक राज्यांत आणि प्रांतांत आहे. पाय पकडणाऱ्या जबड्याच्या सापळ्यांवर युरोपने 1991 मध्येच बंदीचा नियम केला. प्राण्याचे हाल कमी व्हावेत म्हणून 1997 मध्ये कॅनडा आणि रशियाशी करारही केला. तिथे सापळ्याची जबाबदारी कुणावर तरी असते. आपल्या फासकीला मालकच नसतो. लावणारा आठ दिवस फिरकत नाही आणि पावसाळ्यात विसरलेली तार दिवाळीतही जनावर पकडते.

कायदा हेतू विचारत नाही

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत सापळा, फास लावणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. म्हणजे फासकी रिकामी असली तरी गुन्हा होतो. 'साहेब, डुकरासाठी लावली होती' हे उत्तर कामाला येत नाही, कारण रानडुक्करही याच कायद्यात आहे. बिबट्या परिशिष्ट 1 मध्ये आहे. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे.

पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी कलम 11 खाली मिळू शकते. पण ती लेखी असते, ठरलेल्या जनावरासाठी आणि ठरलेल्या भागापुरती असते. फासकी असा भेद करूच शकत नाही.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

हा प्रश्न टाळून नुसतं प्रबोधन केलं तर कुणी ऐकणार नाही. कापणीला आलेली भाताची कुणगी एका रात्रीत लोळवली जाते. भुईमूग, कणगी, नाचणी लावणं अनेकांनी सोडलंय. भरपाईसाठी वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा एकत्र पंचनामा लागतो. तिघांची वेळ जुळेपर्यंत शेतकऱ्याला उरलेलं पीक कापावंच लागतं. सौर कुंपणाला श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळण्याची तरतूद आहे. पण कोकणात पाच गुंठे इकडे, दहा गुंठे तिकडे. सातबारावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. त्यांची संमती आणायची कोणी?

म्हणून एकेकट्याचं कुंपण इथे चालणारं नाही. अख्ख्या मळ्याला मिळून एकच सौर कुंपण, बॅटरी आणि तारेखालचं गवत बघायला पाळी, आणि अर्ज गटाच्या नावाने, असा मार्ग वनविभागाने आणि ग्रामपंचायतीने खुला केला पाहिजे. पंचनाम्यालाही मुदत हवी आणि ती पाळली गेली पाहिजे.

गावाच्या हातात असलेलं कामही मोठं नाही. भात पोटरीला आलं की एकदा आणि काजूच्या हंगामाआधी एकदा, वनरक्षकाला सोबत घेऊन गडगे, पाणंदी आणि पऱ्यांचे काठ फिरून तारा काढायच्या. जनावर अडकलेलं दिसलं तर जवळ न जाता 1926 या वनविभागाच्या टोल फ्री क्रमांकावर कळवायचं आणि गर्दी लांब ठेवायची.

यंदाची भातकापणी जवळ येईल, तशा तारा पुन्हा लागतील. पंचनामा आठवड्यात झाला आणि भरपाई त्याच हंगामात मिळाली, तर 'डुकरासाठी लावली होती' म्हणणारे कमी होतील. तोवर केवळ अज्ञातावर गुन्हे नोंदवून फासक्या थांबणार नाहीत.