स्टिअरिंगचा आलेखही छापा

मध्यम आकाराच्या स्पोर्ट्स सेडानची तुलना आजही ०-१०० च्या आकड्याने सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. एकेकाळी हा आकडा गाड्यांमधला फरक खरोखर दाखवत असे. टर्बो इंजिन, ऑल-व्हील ड्राइव्ह आणि लाँच कंट्रोल यांनी आता त्याची धार बोथट केली आहे. २००० साली आलेल्या बीएमडब्ल्यू ई४६ एम३ या निव्वळ कामगिरीसाठी बनवलेल्या कूपेला शंभर गाठायला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागे. चेन्नईत जुळणी होणाऱ्या चार दारांच्या एम३४०आयसाठी कंपनीने ४.४ सेकंदांचा दावा केला. शिवाय आकडा कसा घेतला, हे वाचकाला क्वचितच कळते. अमेरिकेतील काही मासिके ड्रॅग स्ट्रिपच्या परंपरेनुसार पहिल्या एका फुटाचा वेळ धरत नाहीत. तेवढ्याने दोन-तीन दशांश सेकंद कमी होतात, म्हणजे या वर्गातल्या दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये असते तेवढेच अंतर. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिक मात्र ताशी ५ ते ६० मैलांची रोलिंग चाचणीही छापते. लाँच कंट्रोलचा आधार निघाला की टर्बोला जागे व्हायला लागणारा वेळ तिथे लपत नाही.

या वर्गात निवड ठरते ती ड्रायव्हिंग फीलवर, आणि फील मोजता येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेली मर्सिडीझ-एएमजी सी६३ एस ई परफॉर्मन्स आणि अल्फा रोमिओ ज्युलिया क्वाद्रिफोलियो शेजारी ठेवून पाहा. सी६३ मध्ये दोन लिटरचे चार सिलिंडर इंजिन आणि मागच्या आक्सलवरची मोटर मिळून ६८० पीएस आणि १०२० न्यूटन-मीटर देतात, दावा ३.४ सेकंदांचा. ज्युलियाचे २.९ लिटर व्ही६ सुरुवातीला ५१० पीएसचे होते, दावा ३.९ सेकंदांचा. कागदावर निकाल लागलेला आहे. तरीही परीक्षकांनी सी६३ च्या वजनाबद्दल कुरकुर केली आणि ज्युलियाच्या स्टिअरिंगचे भरभरून कौतुक केले. कारण उघड आहे: एक गाडी दोन टनांहून जड, दुसरी सतराशे किलोंच्या आत. मागची चाके वळवून जड गाडीचे नाक लवकर फिरवता येते, पण पुढच्या टायरवर वाढत जाणारा भार हाताला कळवणे हे वेगळे काम आहे. ज्युलियाचे ११.८ : १ हे झटपट गुणोत्तर आणि हलके नाक ते काम सोपे करतात.

इथे पहिला आक्षेप येतो: ही जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगची हळहळ आहे. तसे नाही, कारण ज्युलियाचे स्टिअरिंगही इलेक्ट्रिकच आहे. बीएमडब्ल्यूच्या एफ३० पिढीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आले तेव्हा तक्रारी झाल्या, हे खरे. पण दोष मोटर असण्यात नव्हता. टायरकडून येणाऱ्या बलापैकी किती हातापर्यंत पोहोचू द्यायचे, हे यांत्रिक घर्षण, मोटरचे जडत्व आणि सॉफ्टवेअर ठरवतात. उलट, त्याच ज्युलियाच्या ब्रेक-बाय-वायर पेडलबद्दल सुरुवातीच्या परीक्षणांत नाराजी होती. एकाच गाडीत एक दुवा बोलका आणि दुसरा मुका असू शकतो. म्हणूनच ‘फील छान’ असा एकगठ्ठा शेरा निरुपयोगी ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फील व्यक्तिसापेक्ष असतो. आवड व्यक्तिसापेक्ष असते, हे मान्य. संकेत तसा नसतो. आयएसओ १३६७४ मधली वीव्ह चाचणी पाहा. ताशी १०० किलोमीटर वेग स्थिर ठेवून स्टिअरिंग दर पाच सेकंदांना एक या गतीने डावी-उजवीकडे फिरवायचे, बाजूचे त्वरण सुमारे ०.२ जी इतकेच. स्टिअरिंगचा टॉर्क आणि हे त्वरण यांचा आलेख काढला की एक वेटोळे मिळते. मध्याजवळ त्याचा चढ जितका ठळक, तितकी सरळ रेषेची जाण हाताला पक्की. वेटोळे जितके फुगीर, तितके घर्षण आणि विलंब जास्त. कोणाला जड स्टिअरिंग आवडेल, कोणाला हलके, पण वेटोळ्याचा आकार दोघांसाठी एकच असतो. आपल्या रस्त्यांवर याचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी समृद्धी महामार्ग आठवावा. तिथे ताशी १२० च्या मर्यादेत तासन्‌तास सरळ जाताना हात याच मधल्या पट्ट्यात काम करतात. ०-१०० चा कस मात्र तिथे टोलनाक्यातून बाहेर पडतानाच लागतो.

ड्राइव्ह मोड बदलला की आलेखही बदलतो, हा आक्षेप तर आमचीच बाजू भक्कम करतो. मोड, टायरचा ब्रँड, हवेचा दाब आणि वजन यांची नोंद नसेल, तर कोणतीही तुलना ऐकीवच राहते. चाचणी अभियंते आणि परीक्षक यांच्याकडून म्हणून आमची अपेक्षा नेमकी आहे: ०-१०० च्या शेजारी रोलिंग चाचणीचा वेळ, वीव्ह चाचणीचा आलेख आणि पेडलवरच्या बलानुसार मिळणारे मंदन छापा, आणि मगच विशेषणे वापरा. पहिल्या काही अहवालांत आकडे आणि परीक्षकाचे मत जुळणार नाहीत. ती तफावत झाकू नका. कोणते मोजमाप अजून अपुरे आहे, हे तिच्यातूनच कळेल.