डब्यातले मांस लपवायचे कशाला?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या कथलाच्या खाणीत उतरणारा मजूर सोबत ‘पेस्टी’ न्यायचा. गव्हाच्या जाड पारीत गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि सलगमच्या जातीचा एक कंद भरायचा, पारी दुमडून कडेला मुरड घालायची आणि भट्टीत भाजायची. आपली करंजीच म्हणा, पण तिखटमिठाची आणि एका माणसाचे पोट भरेल एवढी. ताट नको, चमचा नको. 2011 मध्ये युरोपीय संघाने ‘कॉर्निश पेस्टी’ या नावाला संरक्षण दिले. हे नाव लावायचे तर किमान 12.5 टक्के गोमांस हवे, मुरडही बाजूलाच हवी. मजुराच्या डब्याचा एवढा मान!

आणि आपण? सुरगाण्यातून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. दुपारच्या फडक्यात नागलीची भाकर आणि ठेचा. मटण, सुकट खायचे ते रात्री, घरात. पोराच्या शाळेच्या डब्यात तर नकोच, ‘वास येतो’ म्हणतील. जानेवारी 2025 मध्ये शासनाने शालेय आहारातल्या अंड्याचा निधीही थांबवला.

आम्ही दवाखान्यात आणि पाड्यांवर काम करणाऱ्या बाया. पांढऱ्या पडलेल्या पापण्या आम्ही रोज पाहतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मांसातले लोह शरीर सहज घेते, शिवाय सोबत खाल्लेल्या धान्यातले आणि भाजीतले लोहही जास्त लागू पडते. असे अन्न लाजेपोटी डब्याबाहेर ठेवणे आम्हाला परवडत नाही.

ही लाज शिकवलेली आहे. कॉर्नवॉलचे खाणकामगार कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले होते. तिथले बहुसंख्य मजूर तमिळ दलित, आणि पंडित अयोथीदासांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा त्यांच्यातच उभी राहिली. गोऱ्याच्या हातातले मांस ते जेवण, आपल्या माणसाच्या हातातले तो विटाळ, हा न्याय कुणाचा?

विहारात कुणी म्हणते, बौद्ध झालात, आता मांस सोडा. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे. पण भिक्खूंवर मांसबंदी घाला ही देवदत्ताची मागणी तथागतांनी नाकारली होती, हे विनयपिटकात आहे. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. ताजे, स्वच्छ मटण ही वेगळी गोष्ट आहे.

आता कृती. गोवंशाच्या मांसावर आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा बोकडाचा किंवा कोंबडीचा खिमा घ्या. कांदा, आले-लसूण, बटाटा, असल्यास नवलकोल घालून पूर्ण शिजवा, पाणी आटवा, मग पसरून निववा. ओल्या सारणाने पारी फाटते. पिठात दोन वाट्या गहू, एक वाटी नागली. नुसत्या नागलीला चिकटपणा नसतो, मुरड धरत नाही. जाड लाटा, भरा, मुरडा. भट्टी कुठून आणणार? जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस होऊ द्या. तळू नका. बेकरीतले वनस्पती तुपाचे पॅटिस ही याची बरोबरी नव्हे.

वाढताना सॉस नको. अख्खी हातात द्या, लहान मुलाला अर्धी. बरोबर कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. लिंबाने नागलीतले लोह लागू पडते, चहाने अडते, म्हणून चहा तासाभराने. बागेवर नेणार असाल तर पहाटे भाजा, कापडात गुंडाळून सावलीत ठेवा आणि चार तासांच्या आत संपवा. उन्हात राहिलेली संध्याकाळी तापवून पोरांना देऊ नका.