मित्राची गोष्ट, पुन्हा एकदा

परवा तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' पुन्हा वाचलं. १९८१ साली रोहिणी हट्टंगडींनी त्यातल्या सुमित्राचं काम केलं होतं. मुलीवर जीव लावणाऱ्या आणि शेवटी जीवच गमावणाऱ्या मुलीचं. तेव्हा 'नाटकात काहीही दाखवतात' म्हणून मी मोकळा झालो होतो.

आमच्या वरणगावात कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तर सगळी गल्ली समजूत घालायला येते. त्याच सुमारास अकरावीतला माझा एक विद्यार्थी, जिवलग मित्राचं लग्न लागलं आणि पार मिटला. मी त्याला अभ्यासावरून रागावलो!

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला अशा नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला. पण पोराला आपल्या घरात रडायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागते?

तो आता साठीकडे झुकला असेल. भेटला, तर आधी चहा पाजीन. मग जमलं तर विचारीन.