रायफलीवरचे साल

गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, आमच्या भागात एक छोटेसे प्रदर्शन भरले होते. जुनी छायाचित्रे, निजामाची नाणी आणि मधोमध टेबलावर एक निकामी केलेली .३०३ रायफल. शेजारी पुठ्ठ्याची पाटी : ‘रझाकारांकडून हिसकावून घेतलेली रायफल, १९४८’. माझ्याबरोबर आबा, म्हणजे माझे आजोबा, होते. त्या साली ते आठ-नऊ वर्षांचे होते. रझाकार येणार अशी हूल उठली की सारे घर उभ्या ज्वारीत जाऊन लपत असे, हे आम्ही त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून पाटी मी वाचून दाखवली. आबांनी रायफलीच्या दस्त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

माझी नजर मात्र दुसरीकडेच होती. मी एन. सी. सी. त आहे. कवायतीच्या .३०३ वर काय काय कोरलेले असते, हे आमच्या हवालदारसाहेबांनी हौसेने दाखवले होते. शिवाय माझे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात. इंजिनात कंपनीचा पार्ट कोणता आणि मागून घातलेला कोणता, हे ओळखण्यातच त्यांची हयात गेली. “माणसाचं नंतर ऐक, आधी नंबर बघ,” असे ते म्हणतात. म्हणून मी नंबर पाहिला.

ही रायफल मूळची इंग्रजांची. १९०७ साली ती सैन्यात आली. दहा गोळ्यांचे मॅगझीन, हाताने मागेपुढे करायचा बोल्ट. पुढे ती कलकत्त्याजवळ ईशापूरच्या कारखान्यातही होऊ लागली. तिची जन्मपत्रिका दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या पोलादी कड्यावर असते : राजचिन्ह, कारखाना, साल आणि नमुना. इंग्रजी अमलातील ईशापुरी रायफलीवर मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतात. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर अशोकस्तंभाचे सिंह. आमच्या समोरच्या रायफलीवर सिंह होते, आर. एफ. आय. ही अक्षरे होती आणि खाली साल होते १९५५.

मग बाकीचे सुटे भाग पाहिले. मुख्य बॉडीवरचा क्रमांक नळीवर आणि बोल्टच्या मुठीच्या मागेही घालण्याची रीत होती. कारण बोल्ट त्या-त्या रायफलीला हाताने जुळवून बसवावा लागे. गोळी उडताना सारा दाब बोल्टवरच येतो. एकाचा बोल्ट दुसरीत न तपासता घातला, तर चालवणाऱ्याच्याच जिवाशी खेळ. या रायफलीच्या बोल्टवर निराळाच आकडा होता. पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू आरपार गेला होता. लाकडाला तडा जाऊ नये म्हणून हिंदुस्थानी कारखान्यांत तो बसवीत. एवढे सगळे वरवर पाहून कळते. काही उघडावे लागत नाही. परक्याचे शस्त्र उघडू तर नयेच, ते काम आर्मोररचे.

आता कोणी म्हणेल, बोल्ट बदललेला म्हणजे रायफल खोटी. मला तसे वाटत नाही. बोल्ट, लाकूड, नळीसुद्धा झिजली की बदलतात. बदललेला भाग म्हणजे वस्तूच्या वापराची खूण. तिला लबाडी म्हणता येणार नाही. परंतु बॉडीवरचे साल ही गोष्ट वेगळी. १९५५ साली घडलेले पोलाद १९४८ साली कोणाच्याही हातात असू शकत नाही. उलट १९४३ चे साल निघाले असते, तरी ती रझाकारांचीच होती हे सिद्ध झाले नसते; तशी ती असू शकते, इतकेच कळले असते. आणि जुनी दिसते म्हणून ती त्या काळची, हेही खरे नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हाही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या.

मी संयोजकांपैकी एकाला हळूच सांगितले. ते हसून म्हणाले, “अरे, एवढं बारीक कोण बघतंय? लोकांना बरं वाटतंय ना?” मी गप्प बसलो. याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्यावर मात्र आबांना खरे ते सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं बी खोटंच.”

मित्रहो, माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच लातुरात वकिली करीत होता; १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. हा इतिहास खरा आहे. त्याला उसन्या रायफलीचा टेकू कशाला हवा? खोटा टेकू उद्या कोणी ओढून काढला, की त्याच्याबरोबर खरी भिंतही डळमळते. ज्वारीत लपलेल्या मुलाजवळ कोरलेला क्रमांक नसतो. त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द असतो, आणि तो शब्द आपण फुकट घालवतो.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. जुनी वस्तू मांडताना तिच्यावर जे कोरले आहे तेच पाटीवर लिहावे, आणि चकचकीत करण्याच्या नादात पॉलिश पेपरने घासून ते आकडे पुसू नयेत. दुसरे म्हणजे, त्या काळाचे जे साक्षीदार अजून हयात आहेत, त्यांचे बोलणे इतिहास मंडळाने नाव, गाव, वय यांसह लिहून घ्यावे. कोण कोणत्या साली कोठे होते, हे त्यांनाही विचारावे. तपासून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

येत्या १७ सप्टेंबरला तीच रायफल पुन्हा मांडली तरी माझी हरकत नाही. पाटीवर ‘ईशापूर, १९५५’ एवढे लिहावे आणि शेजारी एक खुर्ची ठेवावी. आबांना मी विचारले आहे. ते येतो म्हणाले.