निबंधाच्या वहीवर शेरा कोणाचा?

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध संगणकाला दाखवावा आणि क्षणार्धात त्यावर अभिप्राय मिळवावा, ही सोय आता मोबाईलपर्यंत पोहोचली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून तिचा प्रसार वेगाने झाला. वह्यांच्या ढिगाऱ्यापुढे बसलेल्या शिक्षकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. ‘छान’, ‘अक्षर सुधारा’ अशा त्रोटक शेऱ्यांनी मुलांचे लेखन सुधारत नाही, हे आपण सारेच जाणतो.

परंतु ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ सालीच संगणकाकडून निबंध तपासून घेण्याचा विचार मांडला होता. १९९९ पासून जीमॅट या प्रवेशपरीक्षेत मानवी परीक्षकाच्या जोडीला ‘ई-रेटर’ ही प्रणाली गुण देऊ लागली. २०१४ मध्ये एमआयटीमधील लेखनाचे माजी अध्यापक लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक गमतीदार प्रणाली रचली. तीन शब्द दिले की ती भारदस्त, पण निरर्थक निबंध तयार करी. अशा निबंधांना यंत्रपरीक्षकाने भरघोस गुण दिले! शब्दांची लांबी व वाक्यांची ठेवण यंत्राला मोजता आली. अर्थ मात्र निसटला.

आजची साधने त्याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. मुद्द्यांची पुनरुक्ती किंवा तुटलेला दुवा ती दाखवू शकतात. तरीही ती कधी कधी चुकीची गोष्ट ठामपणे सांगतात आणि लेखनाला एकाच पुस्तकी साच्यात ओढतात. वसईतील एखाद्या मुलीने आजीच्या तोंडचा सामवेदी शब्द निबंधात योजला, तर तो अशुद्ध ठरेल अशी भीती आम्हांस वाटते. तिच्या शिक्षिकेला मात्र तो शब्द कोणत्या अंगणातून आला हे ठाऊक असते.

जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या दस्तऐवजात तत्काळ अभिप्रायाचा लाभ मान्य केला आहे. मात्र शिक्षक व विद्यार्थी यांच्या नात्याच्या चौकटीत आणि विवेकाने वापर व्हावा, असेही तेथे सुचविले आहे.

आमच्या मते पहिला खर्डा मुलाने स्वतः लिहावा. यंत्राने तयार वाक्ये न पुरविता ‘हे कशावरून?’ असे प्रश्न विचारावेत. पुनर्लेखन मुलाचे आणि अखेरचा शेरा शिक्षकांचा असावा. वाचलेला वेळ शिक्षकांनी मुलांशी त्यांच्या लेखनाविषयी बोलण्यात घालवावा. अन्यथा यंत्रच लिहील, यंत्रच तपासील आणि मूल मात्र कोरडेच राहील.