जोगव्याची परडी आणि देवस्थानचा हिशेब

शारदीय नवरात्रास प्रारंभ झाला आहे. घरोघरी घट बसले आहेत, अखंड दीप तेवत आहेत आणि बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या पुरातन दगडी देवळाकडे पंचक्रोशीतील भाविकांची पावले वळू लागली आहेत. या गावातील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा होय. साडेआठशे वर्षांच्या या वारशामागे कोणाचे तरी दान आहे आणि त्या दानाचा सांभाळ करणारी कोणाची तरी निष्ठाही आहे. पहिल्याचे गुणगान आपण उत्सवात करतोच. दुसरीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही, म्हणून आजच्या मंगलप्रसंगी आम्ही त्याच विषयाकडे वळत आहोत.

नवरात्र हा मागण्याचा सण आहे तसाच देण्याचाही आहे. जोगवा मागणारी सुवासिनी पाच घरी जाते, पदर पसरते, आणि परडीत कोणी पसाभर ज्वारी घालते, कोणी मूठभर पीठ. देणारी किती देते हे कोणी मोजत नाही, आणि मागणारी ते स्वतःसाठी साठवीत नाही. सोयाबीनची सोंगणी चालू असते, कपाशीची वेचणी तोंडावर असते, हातात रोकड नसते. तरीही वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दारातून परडी रिकामी परत जात नाही. हे औदार्य आमच्या मते या प्रदेशाचे खरे ऐश्वर्य होय.

परंतु अलीकडे दानाचे रूप पालटत चालले आहे. आरतीच्या मानाची बोली लागते. सभामंडपाच्या फरशीवर, घंटेवर, एवढेच काय पण पंख्याच्या पात्यांवरही दात्याचे नाव असते. पंखा फिरू लागला म्हणजे ते वाचता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरे! दात्याने कृतज्ञतेची अपेक्षा करू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मजूर स्त्रीने निंदणाच्या रोजातून दहा रुपये पेटीत टाकले, तिचे नाव कोणत्याही फरशीवर येणार नाही. तिला देता येण्यासारखा सन्मान एकच आहे, आणि तो म्हणजे त्या दहा रुपयांचा चोख हिशेब.

या बाबतीत वऱ्हाडाने कोणाकडे पाहावे, असा प्रश्नच पडू नये. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्या पांघरीत, मातीच्या गाडग्यात मागून आणलेली भाकरी खात. त्यांच्या शब्दासरशी लोकांनी लाखो रुपये दिले. पूर्णाकाठी ऋणमोचनला घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. इतका पैसा फिरला, तरी बाबांच्या गाडग्यात भाकरीखेरीज काही आले नाही. उभे राहिलेले काम ते विश्वस्तांच्या हाती सोपवीत आणि पुढच्या गावी चालू लागत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा मागे संस्था होत्या, संपत्ती नव्हती.

शेगावचे उदाहरणही दूरचे नाही. श्री गजानन महाराजांच्या हयातीतच, १९०८ मध्ये, तेथील संस्थानाची स्थापना झाली. तेथे हजारो सेवाधारी पाळीपाळीने विनावेतन राबतात. पैसा नसलेला माणूसही आपले चार दिवस देवाला देऊ शकतो, ही सोय त्या व्यवस्थेने करून ठेवली आहे. दानाची याहून उदार व्याख्या आम्हास ठाऊक नाही.

परधर्मीयांकडूनही येथे घेण्यासारखे आहे. ख्रिस्ती मंडळ्यांत उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, देवकार्यास देण्याची जुनी शिकवण आहे. मराठी बायबलात विश्वासाने सांभाळ करणाऱ्यास ‘कारभारी’ म्हटले आहे. हाच शब्द आपल्याकडे घरधन्यासही लावतात: घर त्याच्या हाती असते, पण ते त्याच्या एकट्याचे नसते. कॅथलिक पंथाच्या १९८३ च्या धर्मसंहितेने तर प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरविली आहे आणि भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांनाच द्यावा, असेही सांगितले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने नोंदणीकृत देवस्थानांना हिशेब ठेवणे व तो तपासून घेणे बंधनकारक केले आहे. नोंदणी नसलेल्या मंडळांनाही वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. पण ते कागद कचेरीत जातात. गावाला ते दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याविषयी कुजबुज सुरू होते. कुजबुजीने पहिला घास हिरावला जातो तो अन्नदानाच्या पंगतीचा, कारण संशय आला की माणूस भांडत बसत नाही, मुकाट्याने हात आखडता घेतो. प्रामाणिक विश्वस्तावरही त्यामुळे अन्याय होतो, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा उत्सव समित्यांना आमची नम्र सूचना अशी की, दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर, कोजागिरीच्या आत, जमाखर्चाचा फलक देवळाच्या दाराशी लावावा. जमा किती, मंडपास किती, महाप्रसादास किती, शिल्लक किती आणि ती कोणाच्या स्वाधीन, एवढ्या पाच ओळी पुरेत. अक्षर मोठे असावे, म्हणजे म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता येईल. आणि कोजागिरीच्या रात्री दूध आटत असताना गावातील एखाद्या शाळकरी मुलीकडून तो फलक सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून घ्यावा.