हातमोजे, राजा आणि एक मीटिंग

गेल्या शनिवारी ट्रेकचा बेत पावसात वाहून गेला. घरी बसून काय करणार? २०१२ सालची बीबीसीची 'द हॉलो क्राउन' मालिका पुन्हा लावली. पहिलाच भाग 'रिचर्ड दुसरा'. बेन व्हिशॉचा तो नाजूक, स्वतःच्याच प्रेमात पडलेला राजा बघून झाल्यावर मूळ नाटक काढून पहिला प्रवेश वाचला. मग परत वाचला. आता डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे शेक्सपिअर म्हटलं की हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅकबेथ, लिअर. आगरकरांपासून शिरवाडकरांपर्यंत मराठीत जास्त गाजल्या त्या शोकांतिकाच. इंग्लंडच्या राजांच्या नाटकांकडे आपण फारसे फिरकत नाही, कारण त्यांची भाऊबंदकी समजायला आधी वंशावळ पाठ करावी लागते. मी थोडक्यात सांगतो, घाबरू नका.

साल १३९८. राजा रिचर्ड एकतीस वर्षांचा, दहाव्या वर्षापासून गादीवर. त्याचा चुलतभाऊ बोलिंगब्रुक दरबारात येऊन मोब्रे नावाच्या सरदारावर देशद्रोहाचा आरोप करतो. आरोप तीन. एक, सैनिकांच्या पगाराचे आठ हजार नोबल (त्या काळचं सोन्याचं नाणं, तीन नोबलचा एक पौंड) मोब्रेनं दाबले. दोन, गेल्या अठरा वर्षांत देशात जेवढी कटकारस्थानं झाली त्या सगळ्यांचं मूळ हाच. तीन, ग्लॉस्टरच्या ड्यूकचा, म्हणजे राजाच्या आणि बोलिंगब्रुकच्या सख्ख्या काकाचा, खून यानंच करवला.

पहिल्या आरोपावर मोब्रेकडे चोख हिशोब आहे. तीन हिस्से सैनिकांना वाटले. उरलेला एक ठेवून घेतला, कारण फ्रान्समधून राणीला आणायला गेलो होतो त्याचे पैसे राजाकडून यायचे होते. थोडक्यात, रिइंबर्समेंट! दुसरा आरोप इतका मोघम आहे की त्याला उत्तर द्यायची गरजच नाही. पण तिसऱ्यावर हा बोलका माणूस एकदम अडखळतो. मी त्याला मारलं नाही, म्हणतो, उलट त्या बाबतीत मी माझ्या कर्तव्यात कसूर केली. म्हणजे काय? कसलं कर्तव्य? वाचवायचं की मारायचं? पुढे एक शब्द नाही. लगेच विषय बदलतो.

आता गंमत बघा. ग्लॉस्टर १३९७ मध्ये कॅलेला कैदेत असताना मेला, आणि कॅले मोब्रेच्या ताब्यात होतं. पण कैदेत टाकलं कुणी? राजानं. दरबारातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. बोलिंगब्रुकलाही. राजावर बोट दाखवता येत नाही म्हणून त्यानं मोब्रेवर दाखवलंय. आणि या खटल्याचा न्यायाधीश कोण? तोच राजा. तो वर भारदस्तपणे सांगतो की बोलिंगब्रुक माझा सख्खा भाऊ असता तरी मी पक्षपात केला नसता.

दोघं एकमेकांसमोर हातमोजे टाकतात, ते आव्हान. राजा म्हणतो, विसरा, माफ करा, मिटवा. वाचताना हा मोठेपणा वाटतो, पण चौकशी पुढे गेली तर माग कुठे पोचेल हे त्या खोलीत सगळ्यात चांगलं त्यालाच ठाऊक आहे. आणि मग माझ्या मते नाटकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते. कुणीच ऐकत नाही. मोब्रे राजाच्या पाया पडतो आणि सांगतो, माझा जीव तुमचा, पण माझं नाव माझं आहे, ते मी कलंकित होऊ देणार नाही. बोलिंगब्रुक तर मागे हटण्याऐवजी स्वतःची जीभ चावून तोडायला तयार. राजा म्हणतो, आम्ही विनंती करायला जन्मलो नाही, हुकूम करायला जन्मलो; आणि पुढच्याच क्षणी त्यांना हवं तेच देतो, म्हणजे कॉव्हेन्ट्रीला द्वंद्वयुद्ध. रिचर्डची गादी १३९९ मध्ये गेली असं इतिहास सांगतो. मला वाटतं ती इथेच गेली.

कॉव्हेन्ट्रीला घोडे तयार, भाले तयार, आणि ऐन वेळी राजा दंड खाली टाकून लढत थांबवतो. बोलिंगब्रुकला दहा वर्षं हद्दपारी, मग त्याच्या बापाचा चेहरा बघून सहा. मोब्रेला कायमची. शिवाय दोघांकडून शपथ, की परदेशात एकमेकांना कधीही भेटणार नाही. दोघांनी बसून नोट्स जुळवल्या तर?

मोब्रेचं दुःख काय, तर चाळीस वर्षं बोललेली भाषा आता तोंडात निकामी होणार. खरा मोब्रे तेव्हा तिशीतलाच होता, पण शेक्सपिअरचं वाढवलेलं वय जास्त पटतं.

माझ्या जुन्या कंपनीत एक रिलीज रात्री दोन वाजता कोसळला होता. टेस्टिंग अर्धवट असताना 'पुढे जा' हे फोनवर ज्यांनी सांगितलं, तेच दुसऱ्या दिवशी रूट कॉज मीटिंग चालवत होते. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला विचारलं गेलं, डिप्लॉय कुणी केलं? तो म्हणाला, मी केलं, पण... आणि गप्प बसला. त्या 'पण'च्या पुढचं मला माहीत होतं. फोन स्पीकरवर होता.

म्हणूनच बहुतेक मला या प्रवेशात मोब्रेपेक्षा गाँट जास्त टोचतो. बोलिंगब्रुकचा म्हातारा बाप. आपल्या भावाला राजानंच मारवलं हे तो विधवा भावजयीसमोर कबूल करतो, पण राजा देवाचा प्रतिनिधी, त्याच्यावर हात कसा उचलू म्हणतो. मुलाच्या हद्दपारीचा निर्णय झाला त्या बैठकीतही तो होता आणि त्यानं संमती दिली होती. नंतर रडतो, की मला न्यायाधीश म्हणून का विचारलंत, बाप म्हणून विचारायचं होतं.

असो. चौथ्या अंकात गादी जवळजवळ बोलिंगब्रुकच्या हातात आलेली असते, आणि दरबारात पुन्हा तोच प्रश्न येतो: ग्लॉस्टरला कुणी मारलं? यावेळी आरोपी दुसरा, ऑमर्ल. इतके हातमोजे पडतात की ऑमर्लला टाकायला दुसऱ्याकडून उसना मागावा लागतो! आता न्यायाधीश बोलिंगब्रुक. तो म्हणतो, मोब्रेला परत बोलवा, मग बघू. तेव्हा कळतं की मोब्रे व्हेनिसमध्ये वारला. तिकीट ओपनच राहतं, फक्त असाइनी बदलत जातो.

त्या मुलाला पुढच्या अप्रेझलमध्ये सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं, आणि तीन महिन्यांत तो गेला. निरोपाचा मेल सगळ्या टीमला होता. मी 'ऑल द बेस्ट, टच में रहना' असं उत्तर पाठवलं, ते पण फक्त त्याला, रिप्लाय ऑल न करता.